वगळलेल्या दृश्यातली आई

१२ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,

अनेक आशीर्वाद, आणि पुरस्काराच्या यादीत नाव लागलं म्हणून वर दोन जास्त. तू आता दिग्दर्शक झालास, लोक तुला सर म्हणतात. पण घरभर गिरक्या घेत भिंतीवर आपटणारा पोरगा मी पाहिलाय, तेव्हा मी भोवऱ्याच म्हणणार. माझी तब्येत उत्तम. गुडघे कुरकुरतात, पण जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम केलेल्या माणसाचे गुडघे गाणी थोडीच म्हणणार?

फोनवर आपण "बरंय ना?" "बरंय" म्हणतो आणि ठेवून देतो. म्हणून पत्र.

तुझ्या सिनेमाची डिस्क बाजारात आली. तू पाठवणार होतास, माहीत आहे, पण मला कुठला धीर! कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानवालीनं दाराशीच नामांकन मिळालेल्या पाच सिनेमांची फळी मांडली आहे, प्रत्येकावर सोनेरी गोल चिकटवलेला. तुझा खालच्या रांगेत होता, तो मी उचलून वर ठेवला. तिनं ते पाहिलं. मग पाचही घेतले. शत्रूची ताकद कळायला नको? ती म्हणाली, "काका, एवढं सगळं एकटेच बघणार?" मी म्हटलं, "छे, घरी बायको आहे ना." "मग काकूंना हा नक्की आवडेल," म्हणून तिनं नेमका तुझाच पुढे केला. मी हो म्हणालो. आता त्या दुकानात पुन्हा जायची पंचाईत झाली आहे.

बाकीचे चार आधी पाहिले. एकात माणसं सारखी खिडकीबाहेर बघतात, पण अख्ख्या सिनेमात एकानंही ती काच पुसली नाही. दुसऱ्यात लिफ्ट अडकते आणि नायक छताची झडप आतून उघडून बाहेर येतो. अरे, ती झडप बाहेरून बंद असते! माझ्या हाताखालच्या कुणी असलं काही केलं असतं तर कानाखाली जाळ काढला असता. तुला बक्षीस मिळायला हरकत नाही एवढंच सांगतो.

तुझा शेवटी लावला. खरं म्हणजे टाळत होतो.

तुझ्या आईनं त्यात काम केलंय, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. सांगितलं होतं कुणी? तिनंच! थिएटरात आम्ही दोघं गेलो तेव्हा तिनं शूटिंगला घातलेला तोच तपकिरी कोट घातला होता, लोकांनी ओळखावं म्हणून. सिनेमा संपला, दिवे लागले, आणि ती काही पडद्यावर आलीच नाही. जिन्यावर मला म्हणते, "मी मध्येच डोळे पुसत होते, तेवढ्यात येऊन गेले असेन." मी म्हटलं, "हो तर, मी पाहिलं. छान दिसलीस." मग घरी येईपर्यंत तिची टकळी थांबली नाही. तिचा प्रसंग तू का कापलास, हे मी तुला विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. तुझ्या धंद्यातलं तुला कळतं. त्यानंतर दोन महिन्यांत ती गेली आणि विचारायची गरजच उरली नाही.

तर काल डिस्क लावली आणि यादीत दिसलं, "वगळलेली दृश्यं". दाबलं. बस डेपोतलं बाकडं, आणि त्यावर तुझी आई. मांडीवर पर्स, पाय जुळवून, फोटोला बसल्यासारखी. मला खुर्चीचा हात धरावा लागला. तिला फक्त बसच्या वाटेकडे बघायचं होतं ना? बघते बिचारी. मग मान वळवते, सरळ कॅमेऱ्यात बघते आणि काहीतरी बोलते. घोडं पेंड खातं ते इथं. तू त्यावर पियानो वाजवून ठेवला आहेस. ओठ हलताना दिसतात, ऐकू येतो पियानो.

समोरच्या घरातल्या मास्तरांना बोलावलं. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही, ओठांवरून सगळं ओळखतात, माझ्या तोंडच्या शिव्यासुद्धा. ते गुडघ्यांवर हात ठेवून टीव्हीला नाक लावून बसले. म्हणाले, "वहिनी 'अरे' म्हणाल्या. पुढे मान फिरवली, दिसत नाही." पुन्हा लावलं, पुन्हा तेच. जाताना माझा खांदा थोपटून गेले. मला ते आवडलं नाही.

मीही शूटिंगच्या दिवशी तिथंच होतो, तुमच्या गाडीपाशी, पण आवाज माझ्यापर्यंत आला नाही. तुलाच काहीतरी म्हणाली असणार. तू समोर दिसलास की तिला बाकी जग दिसायचं नाही, हे काही आजचं नाही.

भोवऱ्या, घरात तिचा आवाज कुठंच नाही. फोटो आहेत, तेही थोडे. कुणी मोबाइल समोर धरला की तोंड झाकून स्वयंपाकघरात पळायची. मी असाच बसलेलो असतो आणि ती हाक कशी मारायची ते आठवायला जातो, तर शब्द आठवतात, आवाज येत नाही. मला भीती वाटते रे. तुझ्याकडे त्या दिवसाचा मूळ आवाज असेल तर पाठव. काय म्हणाली ते कळलं नाही तरी चालेल. नुसता "अरे" असला तरी चालेल.

कामाच्या गडबडीत असशील. वेळेवर जेवत जा.

तुझे वडील


३ मार्च

चि. भोवऱ्यास,

आशीर्वाद. तू पाठवलेलं पोचलं. ध्वनीवाल्या मुलीला माझा नमस्कार सांग. जुनं सगळं उपसून तिनं ते शोधलं म्हणतोस, देव तिचं भलं करो. बक्षिसाचं टीव्हीवर पाहिलं. खिडकीवाल्यांना मिळालं. त्यांनी आता एखादं फडकं घ्यावं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मी फोन केला नाही, कारण फोनवर माझ्यानं बोलवलं नसतं. इथंही कितपत जमतंय ते बघ.

दुपारी ऐकलं. आपली ती खिडकीजवळची खुर्ची. आधी कुणीतरी ओरडतं, मग बसचा आवाज, आणि मग ती. अगदी ती. जरा खाकरून, तिच्या कंपनीत साहेबाशी बोलताना काढायची तसा सभ्य आवाज लावून सुरुवात केली, आणि दुसऱ्याच शब्दाला घरच्या आवाजावर आली. "अरे, ह्यांना सांग की सावलीत उभे राहा म्हणून. मघापासून उन्हात ताटकळतायत. माझं मेलं कोण ऐकतंय!"

एवढंच. मग तू "कट" म्हणालास आणि सगळे हसले. तीही हसली.

मी काय समजत होतो, आणि ती कुणाकडे बघत होती! कॅमेऱ्याच्या मागं तू होतास, तुझ्या मागं मी. तुझ्या एवढ्या मोठ्या सिनेमातलं आपलं एकुलतं एक काम तिनं माझ्यापायी घालवलं, आणि मी आतापर्यंत तुझ्यावर जळत होतो. तू कापलंस ते योग्यच केलंस. असल्या बायकोला कुठल्या सिनेमात ठेवणार?

ऐकलं आणि म्हातारपणी ढसाढसा रडलो. मग पाहिलं तर खरंच तोंडावर ऊन आलं होतं. उठलो, गुडघ्यांना शिव्या घातल्या आणि खुर्ची ओढून कपाटाच्या बाजूला घेतली. "झालं समाधान?" असं मोठ्यानं म्हणालो.

आता खरं लिहितो. मी बरा नाही. शरीरानं ठणठणीत आहे, पण दिवस जात नाही. पातेलं ठेवल्याचा आवाज झाला तर तो मीच केलेला असतो. टीव्ही चालू ठेवून झोपतो, कुणीतरी बोलत असावं म्हणून. तू आलास की मी नेहमीसारखा खेकसेन, तुझ्या दाढीला नावं ठेवीन, ते मनावर घेऊ नकोस. पण ये. सिनेमाचं काम असेल तर ते घेऊन ये, पण ये. दोघं मिळून ऐकू. एकट्यानं ऐकलं की संपल्यावर फार शांत होतं.

सावलीत बसलेला,
तुझा बाबा