टेकडीखालचा गहू

२१ जुलै १९९४
टेकडीखालच्या गव्हात वर्तुळं पडली! मधे एक मोठं, भोवती सात लहान. गव्हाची धाटं मोडलेली नाहीत, एका अंगाला निजवलेली. अँब्रोजला हाक मारली. भाऊ माझा, शेत दोघांचं — पण आला आणि बांधावर नुसता उभा राहिला. घरी येऊन मी भांडी आपटली.

२३ जुलै
सकाळपासून बघ्यांच्या गाड्या. फाटक उघडं टाकतात, मेंढ्या रस्त्यावर. स्विंडन शहरातून आलेली एक बाई तांब्याच्या दोन तारा धरून गव्हातून फिरत होती. इथे शक्ती आहे म्हणे. म्हटलं, बाई, ती गव्हातली शक्ती, आणि तुम्ही ती तुडवताय. हसली, पुढे चालू लागली! कुणी म्हणतं परग्रहावरचे, कुणी म्हणतं वावटळ. मला विचाराल तर गुत्त्यातली रिकामटेकडी पोरं.

२६ जुलै
करणाऱ्याने राखलेला गहू बघणाऱ्यांनी आडवा केला. म्हटलं, वर्तुळं कापून टाकते. अँब्रोज म्हणाला, गर्दी ओसरेपर्यंत राहू दे. आई गेल्यापासून हा माणूस जेवताना मीठसुद्धा मागत नाही, आणि आज मला अडवतो!
"शेत दोघांचं असेल, कापणीचं यंत्र मी चालवते," मी म्हणाले.

२७ जुलै
ठरलं. उद्या वर्तुळं कापणार. दाणा कच्चा आहे — असू दे. गुरांना घालीन.

२८ जुलै
कापलं. तारावाली बाई यंत्रापुढे उभी राहिली. मी खाली उतरले, दंडाला धरून तिला बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा वर चढले. ती रडत होती. मी मागे पाहिलं नाही.
दुपारी सगळं सपाट. गाड्या गेल्या. किती दिवसांनी पाखरं ऐकू आली. अँब्रोज जेवायला आला नाही.

२९ जुलै
फाटकाला नवी कडी बसवली.

३० जुलै
न्याहारीला अँब्रोज म्हणाला, "ते मी केलं होतं. फळी आणि दोरी घेऊन. लोक गेले की टेकडीवर चढून एकदा बघणार होतो."
पावाला लोणी लावत राहिला. मग म्हणाला, "वरून कसं दिसत होतं गं?"
मी वर गेलेच नव्हते.
त्याचा चहा ओतला. म्हणाले, "ओढ्याकडचा सातू अजून उभा आहे. टेकडीवरून तोही दिसतो."