मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

प्रिय ताई,

आईला नमस्कार. मी ठणठणीत आहे. तिच्या कंबरेला शेक देतेस ना?

मी थिएटरात झाडते, म्हणून सिनेमांचे शेवटच आधी दिसतात. हिरो धावत येतो, हिरॉईनचा नकार ऐकूनच घेत नाही आणि लोक टाळ्या वाजवतात. तरी सुट्टीच्या दिवशी मी तिकीट काढून हेच सिनेमे बघते. मध्यंतरापर्यंत ती कमावते, भांडते, त्याला असं सुनावते की मी पोट धरून हसते. मग उठून घरी येते.

परवा माझा नवरा फुलं घेऊन थिएटरच्या दारात आला. सगळ्यांसमोर गुडघे टेकून परत चल म्हणाला. सोबतच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. यानेच माझा हात मोडला होता, हे त्यांना कुठे माहीत? तुला माहीत आहे. प्लास्टर घालायला तूच नेलं होतंस.

"ताईंनीच पत्ता दिला," असं तो कौतुकाने सांगत होता. तुझ्या मनात वाईट नसणार. तुला सिनेमा शेवटपर्यंत बघायची सवय आहे.

मी खोली बदलली, कामही सोडलं. आईला सांग, धाकटी खुशाल आहे. पाकिटावर माझा पत्ता शोधू नकोस. मुद्दामच लिहिलेला नाही.

तुझीच,
धाकटी