लांबहात्याच्या कोटाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, शिंप्याची मुलगी, शब्दकोशाच्या कचेरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भाच्याने आणून पाहिले. ते टिकले नाही.

१. घर, म्हणजे खाली वडिलांचे दुकान आणि वर दोन खोल्या, माझ्या दिवंगत भावाच्या मुलाला द्यावे. तो सध्या उत्सव समितीचा अध्यक्ष आहे. अट कलम चारमध्ये आहे. तोवर त्याने कुलूप बदलू नये.

२. पुस्तके वाचनालयाला. कचेरीत मी शब्दांची मुळे शोधत असे. साहेब म्हणत, "बाई, एवढा शब्द आपलाच दाखवा ना." मी दाखवला नाही. खिसा फारसीतून आला, चावी पोर्तुगीजमधून, वारस अरबीतून. तसे लिहिल्याने कोणाचा खिसा फाटला नाही, माझी बढती मात्र अडली. साहेबांनी निरोपाला दिलेला शुद्ध शब्दांचा कोश टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. तो काढू नये, टेबल डुगडुगेल.

३. कोट भाचेसुनेला.

वर्षअखेरच्या सुट्टीत चौकात उभा राहतो तो कापडी बाहुला, लांबहात्या, याच कोटाचा आहे. त्याचा एक हात लांब का, यावर विद्वानांनी व्याख्याने दिली आहेत. खरे कारण असे. वडील या गावात नवे होते. पोस्टमन कोटाचे माप द्यायला आला, तो पिशवीचा पट्टा धरून, कोपर वाकवून उभा राहिला. "पिशवी खाली ठेवा" एवढे म्हणण्यापुरती इथली भाषा वडिलांना येत नव्हती. त्यांनी वाकलेल्या कोपरावरून माप घेतले. बाही वीतभर लांब झाली. पोस्टमनने कोट परत केला. वडिलांनी त्यात कापूस भरून तो दुकानाच्या दारात उभा केला, बाहीचे टोक दुमडले आणि दुमडीत पोरांसाठी पेपरमिंट ठेवले. पोरे बाहीत हात घालू लागली. पुढे लांबहात्या दर सुट्टीपुरता दुकानातून चौकात जाऊ लागला आणि गावाचा झाला. वडील झाले नाहीत. गर्दीत त्यांना म्हणत, "ए उपऱ्या, मागे सरक. आमचा लांबहात्या येतोय." ते मागे सरकत. मी त्यांचे बोट धरून असे.

गेल्या महिन्यात भाचा समितीचा कागद घेऊन आला.

"आत्या, एक सही कर. कोट राजाच्या काळातला आहे, एवढंच लिहिलंय."

"राजाकडे शिलाई मशीन होतं का रे?"

"लोकांच्या भावना असतात, आत्या."

"आणि माझ्या बापाच्या?"

तेव्हा त्याच्याबरोबर आलेली भाचेसून आतून म्हणाली, "अहो, आजेसासऱ्यांनी शिवलाय म्हटलं तर काय बिघडतं? मी तर मिरवीन!"

"तू मध्ये पडू नकोस."

ती मध्ये पडली, म्हणून कोट तिचा. बाही उसवून सारखी करू नये. काचेच्या पेटीत ठेवू नये. पेटीत पोरांचे हात जात नाहीत.

४. अट. दरवर्षी पोरांनी बाहीत हात घालण्याआधी भाच्याने चौकात, लाउडस्पीकरवरून, पुढील वाक्ये म्हणावीत: "हा कोट माझ्या आजोबांनी शिवला. माप चुकलं. ते बाहेरून आले होते." घसा बसल्याची सबब चालणार नाही. ज्या वर्षी तो म्हणणार नाही, त्या वर्षी घर वाचनालयाचे होईल, आणि ती वाक्ये भाचेसुनेने म्हणावीत. तिचा आवाज मोठा आहे.

५. मला कोणी थोर म्हणू नये. शिंप्याची मुलगी म्हणावे.

सही हा शब्दही बाहेरून आला आणि इथे राहिला. आता त्याला कोणी मागे सरकायला सांगत नाही. तीच खाली करते.

(सही) शिंप्याची मुलगी

साक्षीदार:
१. वाचनालयाच्या ग्रंथपाल
२. सध्याचा पोस्टमन. सही करताना त्याने पिशवी खाली ठेवली. मीच सांगितले.

स्थळ: वडिलांचे दुकान, कापायच्या टेबलावर
दिनांक: सुट्टीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दार उघडे ठेवून