पडद्यावरचा काका

मार्कंडा,
१३ मार्च १९५६

चि. गुणवंत यास अनेक आशीर्वाद.

इस्तारीचा डोंगा मनकर्णेला न घेता परत येतो आहे, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. ती सुखरूप आहे आणि माझ्याजवळ आहे. इस्तारीवर ओरडू नकोस. आधी पूर्ण वाच.

इकडे सर्व क्षेम. जत्रेला गर्दी बरीच झाली. माझ्या शाळेच्या मुली यात्रेकरूंना पाणी देऊन थकल्या आणि मी त्यांच्यामागे ओरडून. गुडघे आता वाळूत चालू देत नाहीत. रंभेला कितवा महिना? तिला जड उचलू देऊ नकोस.

यंदा तंबूतला सिनेमा आला आहे. शेवटच्या दिवशी तो शाळेच्या मुलांना फुकट दाखवायचा, पण त्यातला खलपुरुष फार दुष्ट तर नाही ना, हे आधी कोणीतरी पाहून सांगावे, असे जत्रा समितीचे म्हणणे पडले. कोणीतरी म्हणजे मीच. मनकर्णेला सोबत नेले. वसतिगृहाची स्वयंपाकीण देवकाबाई, तुझा नावाडी इस्तारी आणि त्याची बायको बुधरी हीही आली.

बोलपट घरगुती. एक अनाथ पुतणी, तिचा एक काका. काका गोलमटोल, तपकिरीची डबी कमरेला. कुठलाही डाव टाकायच्या ऐन वेळी त्याला शिंक येते आणि डाव फसतो. जत्रेतली पोरे कालपासून शिंकत फिरताहेत. पुतणीला नोकरीसाठी नदीपलीकडे जायचे असते, तेव्हा हा काका पहाटे नाव सोडून द्यायला जातो. शिंकतो, दोरात पाय अडकतो, नाव त्यालाच ओढत नेते. त्याला वाचवायला दुसरी नाव येते आणि त्याच नावेतून पुतणी पलीकडे पोचते.

तंबू हसून कोसळायचा बाकी होता. मीही हसले. इस्तारीला मात्र राहवेना. कोणी होडी वाईट हाकली की त्याला सोसत नाही, तुला ठाऊकच आहे. तो मोठ्याने म्हणाला, "ह्याले दोर बी सोडता नाई ये! आमच्या मालकानं सांगतलं तं म्या कसा बिनआवाजानं नेला होता डोंगा पैल्याड!"

बुधरी म्हणाली, "चूप ऱ्हा ना गा!"

"काऊन? खोटं बोलून राह्यलो का?"

मनकर्णेने त्याच्याकडे वळून विचारले, "कवा, इस्तारीभाऊ?"

"कवा म्हंजे... मागच्या साली. तुह्या..." बुधरीने त्याला कोपर मारले. समोर काका पाण्यातून वर येऊन पुन्हा शिंकला. आमच्या ओळीतले कोणी हसले नाही.

बाहेर आल्यावर मी इस्तारीला उभे केले. तो म्हणाला, "मालक म्हणे, पोरीची गंमत कराची हाय. मले का मालूम, बाई, त्या दिवशी तिची परीक्षा होती म्हून?" त्याचे मला खरे वाटते. मालगुजारी गेली तरी तू अजून त्याचा मालकच आहेस.

तंबूवाला मागेच उभा. "मास्तरीणबाई, पोरायले दाखवाचा ना? काका लई दुष्ट नाई ना?"

देवकाबाई म्हणाली, "दुष्ट कायचा? येडपट हाय बापडा. पाण्यात पडला, वापस आला, पोरीच्या हातचं जेवला."

"जेवला ना? तेच तं," बुधरी म्हणाली. "वाढलं कोणं? पोरीनंच ना?"

मी तंबूवाल्याला सांगितले, खुशाल दाखवा. तो काका दुष्ट नाही. त्याचा एकही डाव साधत नाही, आणि माणसे हसतात ती त्याच्या फजितीला. उलट त्याच्यामुळे पोरीचे भलेच होते.

तुझा डाव साधला, गुणवंत.

गेल्या वर्षी सातवीच्या फायनलच्या दिवशी घाटावर डोंगा नव्हता. मनकर्णा खालच्या उतारापर्यंत पळत गेली, कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेली आणि केंद्रावर पोचली तेव्हा पेपर सुरू होऊन दार बंद झाले होते. ओल्या लुगड्याने ती व्हरांड्यात बसून राहिली. आणि तू दिवाळीला सगळ्यांसमोर तिची नक्कल केलीस, "नदीच आडवी आली!" म्हणून. आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली होती. काल तिने मला एवढेच विचारले, "आत्या, काका तवा घाटावर होते का, मी पळत जाऊन राह्यली तवा?" मी उत्तर दिलेले नाही. ते तू द्यायचे आहेस.

दादा गेल्यापासून पोरीला तू खाऊ घातलेस, हे मी विसरलेली नाही. रंभेच्या हाताशी कोणी हवे होते, मनकर्णा पास झाली असती तर मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली असती, हेही मला कळते. हे तू तोंडाने बोलला असतास तर मी तुझ्याशी भांडले असते आणि आपण काही मार्ग काढला असता. गमतीशी भांडता येत नाही. मी कॉलेजसाठी नागपूरला निघाले त्या दिवशी तू माझ्या चपला विहिरीत टाकल्या होत्यास. बाबा हसले, म्हणून मीही हसले आणि अनवाणी बैलांच्या दमणीत चढले. तेव्हापासून तुझ्या गमतींना हसून हसून मी थकले आहे.

मनकर्णा माझ्यासोबत चांद्याला येते आहे. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. या वेळी केंद्र चांद्याचे घेतले आहे, मध्ये नदी नाही. रंभेसाठी देवकाबाईची बहीण येईल. तशी बोलणी मी केली आहेत. परीक्षेनंतर कुठे राहायचे ते पोर ठरवील, तू नाही आणि मीही नाही.

या पत्राला गमतीचे उत्तर पाठवू नकोस.

तुझी,
माई

इस्तारीच्या हाती दिले : प्रसादाचा नारळ, रंभेसाठी हिरव्या बांगड्या, आणि मनकर्णेच्या कमरेला असलेल्या तुझ्या कोठीच्या किल्ल्या. त्या तिने स्वतः सोडून दिल्या. मनकर्णा दिलेली नाही.