आत्याचा मान

माय, आज तुझ्या लेकाने माझ्याच घरी चहा पिता पिता मला सांगितलं, की मी लोकांना दाखवायचं उदाहरण आहे. म्हणून, तू आता नसलीस तरी, तुला लिहायला बसले. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठकोरी पानं आहेत, चांगला कागद कशाला नासवायचा.

तुझ्या नातीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. नागपूरला दोघं नोकरी करतात आणि मूल नको म्हणतात. दुखणं काही नाही, नकोच म्हणतात. त्या काळजीनं तुझा लेक धड जेवत नाही. आज आर्वीला आला तो एवढंच सांगायला. "ताई, तू समजाव तिले. म्हातारपणी पाणी द्याले कोणी नसते, हे तुह्या तोंडून ऐकलं तर पटन तिले."

"माह्याच तोंडून काऊन?" मी विचारलं, तर बशीतला चहा फुंकत बसला. तुझे जावई गेल्यापासून मी एकटी राहते, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जाते, अर्धी भाजी आज करते, अर्धी उद्यासाठी ठेवते. कोणाच्या दारी गेले नाही. त्याला त्यातलं काहीच दिसलं नाही.

पण त्याला तरी काय बोलू? शिकवलं तूच. धम्मदीक्षा घेऊन घरातले देव उतरवले तेव्हा तू लहान होतीस, तरी ती गोष्ट किती ताठ मानेनं सांगायचीस. नवस सोडले, उपास सोडले, गंडेदोरे सोडले. आणि माझी कूस उजवेना, तेव्हा तूच मला हिंगणीकडच्या एका बाबाकडे घेऊन निघतेस. सकाळी आपण दोघींनी त्रिशरण म्हटलेलं. एसटीत तू पदराखाली नारळ लपवून बसतेस, ओळखीचं कोणी पाहू नये म्हणून. बाबानं दिलेला अंगारा मी जिभेवरच धरून ठेवते. "गिळ," तू म्हणतेस, "अन् कोणाले सांगू नोको." सगळं सोडलंस माय, हे एवढंच कसं सुटलं नाही तुझ्याकडून?

त्याहून जास्त लागलं ते या नातीच्या बारशाला. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी एकुलती एक सख्खी आत्या, नवं लुगडं नेसून पाळण्यापाशी उभी. तू मनगट धरून मला मागे ओढलंस. "जराशी मांगं राय बाई. लेकराचं काम आहे." आणि चुलतबहिणीला पुढे केलंस, तिला दोन मुलं होती ना. तिनं कुर्र केलं. बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. मी भात वाढायला गेले.

तीच पोर मागच्या खेपेला मोबाईलवर चीनमधल्या बायका दाखवत होती. मूलबाळ नसलेल्या, माझ्याच वयाच्या. एक जण एकटीच कणकेत सारण भरत होती. "आत्या, तिलेही शेजारणी विचारतात, तुह्या मांगं कोण."

"मंग ते काय म्हणते?"

"काही नाई. कणीक मळते."

इतक्या दूरही तेच विचारतात, याचा मला रागच आला.

तुझा लेक गेल्यावर मी तिला फोन लावला. "तुह्या बापानं तुले भेव दाखवाले सांगितलं आहे."

ती हसली. "मंग दाखव."

"न्हाणीची कडी लावत नाई मी. पडले तर लोकायले दार तोडा लागू नये. एवढं भेव आहे. ते खोटं नाई."

"अन् मूल नाई म्हणून रडतेस?"

"आता नाई. बारशाले बोलावत नाईत, त्याचं रडू येते. पाहिजे वाटलं तर आण लेकरू. माह्यासारखी होशीन या भेवानं आणू नोको."

ती मग म्हणाली, "बाबाले काय सांगशीन?"

"समजावलं म्हणून सांगन."

एक मात्र तिला सांगितलं नाही, तुलाही कधी सांगितलं नव्हतं. तिच्या बारशाच्या दिवशी पंगत बसल्यावर पाळण्यापाशी कोणी नव्हतं. मी भाताचं पातेलं खाली ठेवून आले, वाकले, तिच्या कानात पुन्हा नाव सांगितलं आणि कुर्र केलं. तिनं डोळे उघडले. मी तशीच थोडा वेळ वाकून राहिले. पाठीत धपाटा घालायला कोणी आलं नाही.