रेझिनमधला खंडोबा

वाटूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

आक्का,

पाया पडते. तुमचे पाय इथून दिसत न्हाईत, तरी पडते.

तुम्ही, थोरले भाऊजी, लेकरं सगळे बरे असाल. पोरीचा टायफॉईड उतरला असं टेम्पोवाल्या कारभारीनं सांगितलं, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरला. त्याचा टेम्पो रोज एमआयडीसीत माणसं घेऊन जातो, तुमची खोली त्याला माहीत आहे, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देऊन राह्यले. फोन तुम्ही उचलत न्हाईत आणि व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंय. बराबर केलं. सख्खी जाऊ असून तुमच्या बाजूनं एक शब्द बोलले न्हाई, मंग ब्लॉक न्हाई तर काय पेढे देणार?

इकडं सगळं चालू आहे. सोयाबीन झालं, तूर फुलावर आली. आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता आपल्या ह्या सासूला भाकरीवरचा काळा डाग पार ओसरीतून दिसतो. तुमच्या कढीपत्त्याला मी पाणी घालते. ह्यांचं नेहमीचंच, सकाळी शेत आणि संध्याकाळी मोबाईल.

माझ्या रेझिनचं विचाराल तर, सोडलं. दहा महिने झाले, हातमोजेबी घातले न्हाईत. मागं नंदाबाई लेकीच्या लग्नाचा हार घेऊन आल्त्या. म्हणल्या, "मीना, तुझ्या जाऊच्या हाराची फुलं काचेत बसवलीस, तशी हिचीबी बसव की." मी म्हणले, वासानं डोकं दुखतं. कशाचं दुखतं! मागच्या खोलीत गेलं की तुम्ही दिसता, एवढंच.

आठवतं का? तुम्ही फुलं वाळवायच्या. जरा ओल राहिली की आठ दिवसांत आतल्या आत काळी पडतात, म्हणून चारचारदा बोटानं बघायच्या. मी दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर मोजायचे आणि तुम्ही ढवळायला बसायच्या. "जल्दी केलं की बुडबुडे होतात गं," असं मलाच शिकवायच्या, शिकले मी यूट्यूबवर आणि मास्तरीण तुम्ही! मंग वर परात झाकायची, धूळ बसू नये म्हणून, आणि रात्रभर तिकडं फिरकायचं न्हाई. संक्रांतीच्या वाणाच्या चाळीस डब्या आपण दोघींनी तशाच ओतल्या. आत्याबाई म्हणायच्या, दोघी जावा एका खोलीत दार लावून बसतात, काय शिजवतात कोण जाणे.

पुढच्या बुधवारी चंपाषष्ठी आहे. भरताची वांगी सांगून ठेवलीत. आत्याबाईंनी सोनाराकडं खंडोबाचा नवा टाक करायला टाकलाय. जुना गेला तो गेलाच, म्हणतात. नवा देव्हाऱ्यात बसणार, तळी उचलायला सगळे भाऊबंद येणार. तुमच्या घराला सांगावा न्हाई.

बाकी काय लिहू? चुलीवर दूध आहे, उठते.


गुरुवार, २० नोव्हेंबर

चुलीवर दूध न्हव्हतं. उगाच लिहिलं.

आक्का, टाक तुम्ही नेला न्हाई हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कारण तो माझ्याकडं आहे. पत्र्याच्या कोठीत, ज्वारीच्या खाली. दळण काढायला हात घातला की बोटांना लागतो.

आता सगळं सांगते. मधी थांबले तर परत दूध उतू जाईल.

तुमचं वेगळं निघायचं ठरलं, तेव्हा तुम्ही आत्याबाईंना म्हणल्या होत्या, मलाबी एक टाक करून द्या, तिकडं देव्हारा रिकामा कसा ठेवू? त्या म्हणल्या, "चुली दोन झाल्या तरी देव एकच राहील. दर्शन लागलं तर इथं यायचं." तुम्ही मागच्या खोलीत येऊन रडल्या. मी मनात म्हणले, एवढं काय त्यात? टाक तर दोन बोटं रुंद. सिलिकॉनचा साचा काढते, त्यात रेझिन ओतते, चांदीची पावडर घालते आणि चार दिवसांनी नव्या खोलीवर जाऊन आक्काच्या ओटीत घालते. तुम्हाला सांगितलं न्हाई. तुमचं तोंड बघायचं होतं मला.

संक्रांतीनंतरच्या चतुर्थीला आत्याबाई राजूरला गेल्त्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं सामान निघणार होतं. मी टाक देव्हाऱ्यातून उचलला, पाया पडले, मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात चिकटवला आणि वरून ओतलं.

आपल्या घरात रिकामी बरणी कोणी फेकत न्हाई. पार्सलमधले डबे गळके निघाले होते, म्हणून सिलिकॉन आणि रेझिन, आपापल्या हार्डनरसकट, मी लोणच्याच्या सारख्याच बरण्यांत जोडीजोडीनं भरून ठेवलं होतं. दोन्ही मधासारखं घट्ट, दोन्ही पाण्यासारखं आरपार, दोन्हीचं माप सारखंच. वर चिठ्ठ्या होत्या. भोगीच्या साफसफाईत आत्याबाईंनी बरण्या तेलकट दिसल्या म्हणून ओल्या फडक्यानं लख्ख पुसल्या. मला वाटलं, डावीकडची जोडी सिलिकॉनची. वास घेतला असता तरी कळलं असतं. न्हाई घेतला.

संध्याकाळी डब्याचं बूड हाताला कोमट लागलं. सिलिकॉन तापत न्हाई, रेझिन तापतं. हे मला माहीत होतं आक्का! मी म्हणले, खिडकीतलं ऊन लागलं असंल. आत्याबाई चंद्र बघून, उपास सोडून, थकून आल्या. देवापुढचा दिवा मीच लावला आणि देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला.

सकाळी बोटानं दाबलं. साचा रबरासारखा दबायला पाहिजे होता. दबला न्हाई. नखानं वाजवलं तर टकटक वाजलं.

आंघोळीच्या साबणाएवढी वडी झाली होती आणि मधी आपला खंडोबा, घोड्यावर. घोड्याच्या पुढच्या पायापाशी दोन बुडबुडे. इतका स्वच्छ दिसत होता की हात घालून उचलावा, आणि हात तर जात न्हव्हता. मी गरम पाण्यात टाकलं, केस वाळवायच्या मशिनीनं तापवलं, सुरीनं कोरलं. सुरी अंगठ्यात गेली. वरवंटा उचलला, तो तसाच खाली ठेवला. टाक पत्र्यासारखा पातळ, एका घावात चेंदामेंदा झाला असता. आणि देवावर वरवंटा कसा घालू?

तेवढ्यात तुमचा टेम्पो निघाला. तुम्ही मला हाक मारली, मी अंगठा धरून मागच्या खोलीतच बसले. तुम्हाला वाटलं असंल, मीना रडून राह्यली.

टेम्पो गेला, आत्याबाईंनी पूजेला पडदा सारला आणि जागा रिकामी दिसली. त्यांच्या तोंडून पहिलं नाव तुमचं निघालं. मी दारात उभी होते. त्या वेळी मला फक्त "माझ्याकडं आहे" एवढंच म्हणायचं होतं. म्हणले न्हाई. आज म्हणते, उद्या म्हणते, तोवर ह्यांनी भाऊजींना फोन केला, भाऊजी शिव्या देऊन मोकळे झाले आणि आठव्या दिवशी तुम्हाला पाच माणसांत बोलावलं.

तुम्ही बेल-भंडारा उचलला, "मी नेला असंल तर माझ्या लेकरांचं वाटोळं होवो" म्हणल्या, तेव्हा ताट कोणाच्या हातात होतं? माझ्या. तुमच्या बोटांचा पिवळा डाग माझ्या पदराला लागला. तो मी धुतला आणि परत स्वयंपाकाला लागले. इतकी मी वाईट आहे.

आणि तुमची पोर आजारी पडली तर आत्याबाई गल्लीभर म्हणत हिंडल्या, भंडारा खोटा उचलला, भोगा आता. तेव्हापासून मला ह्या घरात श्वास पुरत न्हाई. कुठं बसले तरी कोठी दिसती. माहेरी दोन दिवस गेले, तर जीव इकडं की कोणी दळण काढलं तर? पळावं तर वडी कोणाच्या भरवशावर ठेवू? तुमच्याकडं पाठवून मोकळी होईन असंबी एकदा मनात आलं. पण ती तुमच्या घरात सापडली तर तुम्ही खरंच चोर ठराल. म्हणून देव तिथं आणि त्याच्यासोबत मीबी तिथंच.

परवा तुमचं पत्र अर्धं टाकून उठले ते कोठीकडंच. वडी काढली आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी वडी उलटीपालटी केली, पदरानं पुसली, नखानं कड उचकायला बघितली. मंग रडायला लागल्या. "ह्याला न्हाऊ कसं घालायचं गं?" म्हणल्या. मीबी रडले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

डोळे पुसून म्हणल्या, "पाच माणसांत थोरलीचं नाव मी घेतलं. आता कोणत्या तोंडानं परत घेऊ? ठेव जिथं होता तिथं. नवा येऊनच राह्यलाय. तू बोलली न्हाई, मी ऐकलं न्हाई." आणि स्वतः उठून माझ्यासमोर कोठीचं झाकण उघडून धरलं.

मी ठेवला, आक्का. परत ठेवला.

दोन रात्री स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं वाटलं. मंग आज सकाळी दुसरं पत्र लिहिलं, तातेरावकाकांना. भावकीत तळीला पहिला हात त्यांचा असतो आणि ते पाच माणसांतबी होते. त्यात हेच सगळं आहे, टाक कुठं आहे तेबी. कारभारीचा पोरगा ते देऊन आला. तो गेल्यावर परत बोलवायला मी दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले. पण हार्डनर पडला की रेझिन परत पातळ होत न्हाई. आता काका वाचत असतील.

ह्यांना अजून माहीत न्हाई. कळल्यावर मला इथं ठेवतात की माहेरी धाडतात, मला सांगता येत न्हाई. भीती लई वाटते.

हे पत्र जपून ठेवा. तुमच्या पोरीला मोठी झाल्यावर दाखवा, की तिच्या आईनं भंडारा खरा उचलला होता. मला माफ करा असं मी म्हणत न्हाई, ते मागायचं तोंड मला न्हाई.

बुधवारी तळीला आलात तर तुमचा हक्क आहे. न्हाई आलात तरी मी वडी सगळ्यांसमोर परातीत ठेवणार आणि बेल-भंडारा मी उचलणार. ह्या वेळी ताट दुसऱ्या कोणाला तरी धरू दे.

तुमच्या वेळी ताट धरून गप उभी राहिलेली,
मीना