डब्यातली मतं

दिमाफारू,
६ जुलै १९८६

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,
सरोजिनीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल खरंच लावता की नुसतं पत्रात लावता, ते आईने वेगळं कळवावं. मी बरी आहे. भाजी बोटीची वाट बघते आणि आम्ही भाजीची, एवढं सोडलं तर या बेटावर तक्रारीला जागा नाही.

एक गंमत सांगते. माझ्या आठवीच्या वर्गाला मॉनिटर हवा होता. हेडमास्तर नेमतात तोच मॉनिटर, अशी इथली पद्धत. मी म्हटलं, पुण्यात आमच्या शाळेत व्हायची तशी निवडणूक घेऊ. तीन मुलं उभी राहिली. पेटी नव्हती, म्हणून चिठ्ठ्या माझ्या जेवणाच्या डब्यात टाकल्या. झाकणावर आईचं नाव कोरलेला तो स्टीलचा डबा. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी निवडून आली आणि वर्ग तिच्याकडे बघतच राहिला.

मग एकाने विचारलं, की मोठ्यांच्या मतदानात एकच नाव का असतं. इथे राष्ट्राध्यक्षांसाठी मत द्यायचं ते त्यांच्याच नावापुढे, होय किंवा नाही. यंदा नोव्हेंबरात ते आहे. मी विषय बदलला. पण शेजारच्या वर्गावर इतिहास शिकवणारे इद्रिस सर दारात उभे होते. ते म्हणाले, की प्रश्न चांगला आहे आणि तो सगळ्यांनी विचारायला हवा. मग आत येऊन तासभर बोलले.

हे इद्रिस सर आणि त्यांची बायको झाहिरा म्हणजे माझे इथले घरचेच. मी कधी पोहे, कधी लाडू त्याच डब्यातून पाठवते. पहिल्यांदा डबा रिकामा परत आला, तेव्हा मी थट्टेत सांगितलं, की आमच्याकडे डबा रिकामा परत आला की ओळख संपली असं समजायचं. तिने मनावरच घेतलं. तेव्हापासून कधी नारळ येतो, कधी केळी. एकदा सुकी मासळी आली. हे वाक्य आईला वाचून दाखवू नका.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुमची,
सरोजिनी


कर्वेनगर, पुणे
२ ऑगस्ट १९८६

चि. सरोजिनी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून इतके बरे वाटले की ते घरात ठेवणे मला जमेना. तुझी हकीगत मी आपल्या नेहमीच्या पेपराकडे पाठवली आणि त्यांनी वाचकांच्या पत्रांत अगदी वर छापली. मथळा त्यांनी दिला, ‘पुण्याच्या मुलीने बेटावर घेतली निवडणूक’. एक शब्द कापला नाही. शाळेचे नाव, इद्रिस सरांचे नाव, ते मुलांना काय म्हणाले ते, सारे आले. चांगल्या माणसाचे नाव छापून यायला हवे, नाहीतर पेपर काय फक्त चोरांसाठी आहे? कात्रण सोबत पाठवतो. सरांना समजावून सांग.

तुला ठाऊक आहे, आणीबाणीत माझे एकही पत्र छापले गेले नाही. ती भूक मी अजून भागवतो आहे. बसथांबा, पाणी, दुकानांच्या पाट्या, काही सोडत नाही. आणि आजवर मला शब्द मागे घ्यावा लागलेला नाही. महापालिकेला घ्यावा लागला आहे.

तुझी आई म्हणते, की पाठवण्याआधी पोरीला विचारायला हवे होते. मी म्हटले, कौतुकाला परवानगी कसली? त्यावर ती उठून आत गेली, म्हणजे तिचे मत बदललेले नाही.

प्रकृतीस जपावे. आमची माया तुझ्या पाठीशी आहे.
तुझा,
बाबा


दिमाफारू,
२८ ऑगस्ट १९८६

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

हे पत्र मेहरुनच्या हाती देते आहे. ती आपल्या मोमीनपुऱ्यातली, इथल्या इस्पितळात नर्स आहे, महिनाभर रजेवर घरी येते आहे. टपालाने आता खरं काही लिहिता येणार नाही. तुमचं पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं आलं. कात्रण त्यात नव्हतं.

कात्रण मी पाहिलं ते पोलीस कचेरीत. अधिकाऱ्याने चहा दिला, कात्रण टेबलावर ठेवलं आणि मोठ्याने भाषांतर करायला सांगितलं. मी वाचत गेले. इद्रिस सरांचं नाव आलं तिथे ‘एक शिक्षक’ म्हटलं. त्यांचं वाक्य गाळलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग खणातून टाइप केलेलं भाषांतर काढलं. आपल्याकडच्याच कोणीतरी करून दिलं असणार. त्यात नाव होतं, वाक्यही होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना घेऊन गेले. कुठल्या बेटावर ठेवलंय, ते झाहिराला सांगत नाहीत. कोर्ट नाही, वकील नाही. डबासुद्धा पुरावा म्हणून नेला. ते विचारत होते, की झाकणावर जिचं नाव आहे ती बाई कोणत्या संघटनेची. मी सांगितलं, माझी आई आहे. ते लिहून घेतलं.

आता मुद्द्याचं. अधिकारी म्हणतो, की ही हकीगत खोटी होती असं त्याच पेपरात, त्याच माणसाच्या नावाने छापून यावं. तसं झालं तर सर घरी येतील. मी तुमच्याकडे काय मागते आहे, ते मला कळतं. पण झाहिरा रोज धक्क्यावर जाऊन येणाऱ्या बोटी बघते. मला पाहून अजून रस्ता बदलत नाही, हेच खूप समजते.

तुमच्यावर राग नाही. ते नाव तुम्हाला मीच लिहिलं होतं.

उत्तर मेहरुनबरोबरच द्या. टपालाने फक्त गुडघ्याबद्दल लिहा.
सरोजिनी


कर्वेनगर, पुणे
२५ सप्टेंबर १९८६

चि. सरोजिनीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले त्याच दिवशी खुलासा लिहिला. तो छापून आला आहे. मेहरुन कात्रण नेते आहे, पण तिथे ते आधीच पोचले असेल. त्यात मी म्हटले आहे, की असे काही घडलेच नव्हते, मुलीच्या कौतुकापोटी मी ते रचले, त्या देशाची व वाचकांची क्षमा मागतो.

छापण्याआधी संपादकांनी बोलावून घेतले. कोणी दबाव आणला आहे का, असे विचारले. तसे असेल तर तेच पहिल्या पानावर छापतो, म्हणाले. भला माणूस. सारे सांगून टाकावे असे फार वाटले. मग मी म्हणालो, की दबाव कसला, म्हातारपणी अक्कल गहाण पडली.

त्यानंतर पत्रांचा पाऊस. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ विचारतात, की लेकीसाठी आख्खे बेट रचणाऱ्या या बापाने आमच्या पेठेसाठी निदान एक पाण्याची टाकी रचावी. वारज्याच्या एकाने सुचवले आहे, की माझी बसथांब्याची पत्रेही तपासून पाहावीत. बसथांब्याचे सारे खरे होते. पण उत्तर देता येत नाही. मी एक ओळ लिहिली तरी तिचे कात्रण समुद्र ओलांडून जाईल. शेजारचे हिंदुराव रोज आमच्याकडे पेपर मागायला येत आणि माझे पत्र मोठ्याने वाचत. त्यांनी आता स्वतःचा पेपर लावला आहे.

सकाळी सवयीने पेन घेऊन बसतो. तुझी आई गवार आणून पुढे ठेवते. मी निवडतो. पहिल्या पत्राबद्दल ती आता बोलत नाही.

इद्रिस सर आले की माझा नमस्कार सांग, असे लिहिणार होतो. सांगू नकोस.

तू सांभाळून राहा, एवढेच मागणे.
बाबा


दिमाफारू,
२३ नोव्हेंबर १९८६

ती. बाबा व सौ. आई यांस शि. सा. नमस्कार.

हे पत्र टपालाने पाठवते आहे. इथे सर्व ठीक आहे, हवा छान आहे.

इद्रिस सर गेल्या महिन्यात परत आले. बारीक झाले आहेत. त्यांना इतिहासाऐवजी शाळेचं ग्रंथालय दिलं आहे. तिथे शांतता पाळावी लागते. माझ्या वर्गाला हेडमास्तरांनी नवा मॉनिटर नेमला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आधीची मुलगी सगळ्यांत जोरात वाजवत होती.

गेल्या आठवड्यात मतदान झालं. लोक शिस्तीत रांगेत उभे होते. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. शिक्षिका म्हणून माझं आणखी एक वर्ष वाढवलं आहे, पण मी शाळेचं वर्ष संपलं की परत यायचं म्हणते. पुण्याच्या थंडीची आठवण येते.

आईचा डबा कचेरीतून परत मिळाला. दिवाळीत करंज्या केल्या आणि त्याच डब्यातून झाहिराकडे पाठवल्या. या सोमवारी तो परत आला. सरांच्या घरच्या कोणी हाती दिला नाही, माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलेला होता. चिंच लावून घासलेला असावा. आईचं नाव इतकं स्वच्छ कोरलेलं आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं. आई विचारेल म्हणून लिहिते, झाकण उघडून पाहिलं. आत काही नव्हतं.

बाबा, गुडघ्याबद्दल सविस्तर लिहा. माया आहे ती अशीच राहू द्या.
तुमची,
सरोजिनी